शहराचा दर्जा नसलेल्या वस्तीची पाच विजेतेपदे

दोन महायुद्धांच्या दरम्यान पोलंडमध्ये फुटबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद कोणी मिळवले, याची यादी लहानशी आहे. 1921 ते 1938 या काळात विजेता सतरा वेळा ठरला. 1924 साली ऑलिंपिकमुळे स्पर्धाच झाली नाही. यादीतील बहुतेक नावे अपेक्षित वाटतात. क्राकोव शहराचे तीन क्लब आहेत, ल्वुवचा (आजच्या युक्रेनमधील ल्विव्हचा) पोगोन आहे, पोझ्नानचा वार्ता आहे. ही सगळी जुनी, नावाजलेली, विद्यापीठांची शहरे, आणि पोलंडमधील फुटबॉलची रुजवातही प्रामुख्याने क्राकोव आणि ल्वुव येथेच झाली होती. राजधानी वॉर्सॉच्या एकाही क्लबाचे नाव मात्र त्या सतरा वर्षांत दिसत नाही, आणि गिरण्यांचे मोठे शहर असलेल्या वुजचेही दिसत नाही. सर्वांत जास्त वेळा, म्हणजे पाच वेळा, येणारे नाव आहे ‘रुख, व्येल्क्ये हायदुकी’.

ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी नकाशा उघडून बसलो आणि मला हे गाव काही केल्या सापडेना. सापडले नाही याचे कारण पुढे कळले: त्या नावाचे स्वतंत्र गाव आज अस्तित्वातच नाही. ती आता खोझुव शहराची एक पेठ आहे, आणि तिचे आजचे नाव खोझुव बातोरी. पोलंडमधील मोठमोठ्या शहरांना मागे टाकणारा हा क्लब ज्या वस्तीचा होता तिला त्या काळात शहराचा दर्जाही नव्हता. कागदोपत्री ती ग्रामपंचायत होती, प्रत्यक्षात एका पोलाद कारखान्याभोवती दाटीवाटीने वाढलेली कामगारवस्ती.

या वस्तीच्या नावाची कथा सांगितल्याखेरीज क्लबाची कथा सांगता येत नाही. अपर सिलेशियाच्या कोळशाच्या पट्ट्यात वरचे हायदुकी आणि खालचे हायदुकी अशी दोन खेडी होती. 1872 साली तेथे पोलादाचा कारखाना उभा राहिला आणि जर्मन साम्राज्याच्या चॅन्सेलरच्या नावावरून त्याला बिस्मार्कह्युटे म्हणण्यात आले. कारखाना इतका वाढला की 1903 साली दोन्ही खेडी एकत्र करून जी पंचायत बनवली तिलाही कारखान्याचेच नाव दिले गेले. पहिल्या महायुद्धानंतर हा भाग पोलंडकडे आला तेव्हा बिस्मार्क जाऊन हायदुकी परतले, आणि त्याच्या आधी ‘व्येल्क्ये’, म्हणजे थोरले, हे विशेषण लागले. 1930 च्या दशकात कारखान्यालाही पोलंडचा जुना राजा स्तेफान बातोरी याचे नाव मिळाले. 1939 च्या एप्रिलमध्ये संपूर्ण वस्ती शेजारच्या खोझुवमध्ये विलीन झाली. एखाद्या माणसाने आयुष्यभर घर न सोडता एकाच खोलीत राहावे आणि तरी त्याचा पत्ता पुन्हा पुन्हा बदलावा, असा हा प्रकार होता.

क्लब जन्मला 1920 च्या एप्रिल महिन्यात, आणि त्याच्या जन्मामागे खेळापेक्षा मतदानाचे कारण मोठे होते. व्हर्सायच्या तहाने ठरवले होते की अपर सिलेशिया जर्मनीत राहील की पोलंडमध्ये जाईल हे तेथील रहिवाशांचे सार्वमत घेऊन पाहावे. पोलंडच्या बाजूने या प्रचाराची सूत्रे व्होयचेख कोर्फांती याच्याकडे होती आणि त्याचे कार्यालय बितोम शहरातील एका हॉटेलात थाटलेले होते. त्या वर्ष-दीड वर्षात या पट्ट्यात पोलिश गायनमंडळे, वाचनालये, व्यायामसंस्था आणि फुटबॉल क्लब यांचे पेवच फुटले. जर्मन क्लब तेथे आधीपासून होते. पोलिश बोलणाऱ्या कामगारांच्या मुलांना खेळायचे तर त्यांतच खेळावे लागे. आता प्रत्येक वस्तीत ‘आपला’ क्लब हवा होता, कारण रविवारी मैदानावर जमणारी गर्दी हीसुद्धा मतदारांचीच गर्दी होती.

‘रुख’ या शब्दाचा पोलिश अर्थ हालचाल, चळवळ. जुन्या मराठीत रूख म्हणजे झाड, जागचे न हलणारे. त्यांच्याकडे नेमके उलटे. हे नाव सिलेशियातील पोलिश चळवळीला उद्देशून घेतले होते असे सांगितले जाते, आणि त्या वातावरणात ते न पटण्यासारखे नाही. शिवाय परक्या अधिकाऱ्याने विचारलेच तर खेळात हालचाल असतेच, असे निरागसपणे सांगण्याची सोयही त्या शब्दात होती. पहिला सामना 3 मे 1920 रोजी युझेफोव्येत्सच्या क्लबाविरुद्ध झाला. 3 मे हा 1791 च्या पोलिश राज्यघटनेचा वर्धापनदिन. क्लब कोणत्या बाजूचा आहे हे त्या तारखेनेच जाहीर केले होते.

सार्वमत 20 मार्च 1921 रोजी झाले. मतदाराच्या हाती दोन चिठ्ठ्या दिल्या जात, एक पोलंडची आणि एक जर्मनीची, आणि दोन्हींवर देशाचे नाव दोन्ही भाषांत छापलेले असे. त्यातील एक पाकिटात घालायची. तिसरा पर्याय नव्हता. जवळजवळ 97 टक्के मतदान झाले आणि सुमारे 60 टक्के मते जर्मनीच्या बाजूने पडली. कातोवित्से, क्रुलेव्स्का हुता, बितोम अशा मोठ्या शहरांत तर जर्मनीचेच पारडे जड होते, मात्र आजूबाजूच्या अनेक खेड्यांनी पोलंडला कौल दिला होता. मेच्या सुरुवातीला तिसरा सशस्त्र उठाव झाला, आणि अखेर प्रदेशाची फाळणी करण्याचा निर्णय झाला. 1922 च्या जूनमध्ये पोलिश सैन्य कातोवित्सेत आले. हायदुकी पोलंडमध्ये पडले, पण सरहद्द तेथून काही किलोमीटरवरच होती. ट्रामने थोडे अंतर गेले की बितोम, आणि बितोम जर्मनीत. या सीमारेषेने खाणींचेही तुकडे केले. घर एका देशात आणि कामाची पाळी दुसऱ्या देशात अशी हजारो माणसे रोज ओळखपत्र दाखवून जा-ये करत. 1922 सालीच रुखने अपर सिलेशियाचे विजेतेपद मिळवले आणि त्याला राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळाला. क्राकोव-ल्वुवच्या मुरलेल्या संघांपुढे तेव्हा त्याचा निभाव लागला नाही.

यानंतरची एक घटना मला फार महत्त्वाची वाटते, आणि तिचा उल्लेख मात्र बहुधा एका ओळीत उरकला जातो. 1923 साली रुखने त्याच वस्तीतील जर्मन क्लब आपल्यात विलीन करून घेतला. काही काळ क्लबाच्या नावात त्या जर्मन क्लबाची आद्याक्षरेही होती: ‘रुख बे-बे-त्से’. म्हणजे सार्वमतात पोलंडच्या बाजूने उभे राहण्यासाठी जन्मलेल्या क्लबाने तीनच वर्षांत दुसऱ्या बाजूच्या मुलांना जवळ केले, आणि त्या मुलांनीही ते मान्य केले. या घटनेकडे राष्ट्रीय विजय म्हणून पाहणारे आहेत आणि निव्वळ व्यवहार म्हणून पाहणारेही. मला वाटते, ज्यांनी शाळेच्या एकाच बाकावर बसून आणि एकाच मैदानावर पडून-धडपडून दिवस काढले होते, त्यांना पाकिटात वेगवेगळ्या चिठ्ठ्या घातल्यानंतरही एकत्र खेळण्यात काही विशेष वाटले नसावे.

येथील बोलीच या गोष्टीची साक्ष देते. कामगारांसाठी बांधलेल्या लाल विटांच्या, एका जिन्यावर अनेक बिऱ्हाडे असणाऱ्या चाळींना तेथे ‘फामिलोक’ म्हणतात. जर्मन शब्दाला पोलिश शेपूट जोडून तो बनला आहे. खाणीला ‘ग्रुबा’ म्हणतात, तोही जर्मनमधूनच आलेला. फुटबॉलला वॉर्सॉत ‘पिल्का नोझ्ना’ म्हणत असतील, येथे तो ‘फुसबाल’. घरी असे बोलणाऱ्या माणसाला तू पोल की जर्मन असे विचारले तर तो बहुधा तिसरेच उत्तर देई: मी येथला.

1927 साली पोलंडमध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली. त्यापूर्वी जिल्हानिहाय स्पर्धा आणि मग विजेत्यांची फेरी अशी पद्धत होती. मोठ्या क्लबांना ती जाचक वाटू लागली होती. क्लबांनी महासंघाशी भांडण करून लीग स्थापन केली, महासंघाने तिला मान्यता नाकारली, महासंघाच्या अध्यक्षांचाच क्लब असलेल्या क्राकोव्हियाने तिच्यावर बहिष्कार टाकला, आणि वर्षअखेरीस तडजोड होऊन लीग हीच राष्ट्रीय स्पर्धा ठरली. पहिल्या हंगामातील चौदा संघांत रुख होता. पण त्या वर्षी सिलेशियाकडे सगळ्यांचे लक्ष गेले ते दुसऱ्याच क्लबामुळे. कातोवित्सेचा जर्मन अल्पसंख्याकांचा क्लब, ‘पहिला एफ. सी.’, विजेतेपदाच्या अगदी दारात पोहोचला होता. पोलंडचे विजेतेपद जर्मन क्लबाकडे जाणार का, या प्रश्नाने वर्तमानपत्रे तापली होती. 25 सप्टेंबर 1927 रोजी कातोवित्सेतच झालेल्या सामन्यात क्राकोवच्या विस्वाने त्याला 2-0 असे हरवले आणि प्रश्न मिटला. जर्मन क्लब दुसरा आला, दोन वर्षांनी लीगमधून बाहेर पडला. त्याच क्लबाच्या मुलांच्या संघात पुढे एक तांबूस केसांचा, मोठ्या कानांचा मुलगा तयार होत होता. त्याच्याकडे मी लवकरच येतो.

रुखची सुरुवातीची लीगमधील वर्षे सामान्यच म्हणावी लागतील, म्हणून ती ओलांडून थेट 1933 सालावर येतो. मंदीचे ते सर्वांत वाईट दिवस होते. कारखान्यांच्या भट्ट्या विझल्या होत्या, खाणी बंद पडत होत्या, आणि बेकार झालेले खाणकामगार गावाबाहेरच्या मोकळ्या जमिनीत स्वतःच खड्डे खणून दोर आणि बादलीच्या आधाराने कोळसा काढत. या खड्ड्यांना ‘ब्येदाशिबी’, गरिबांच्या खाणी, असे नाव पडले होते. त्या बेकायदा होत्या, पोलीस येऊन त्या सुरुंगाने बुजवत, आणि लोक शेजारी दुसऱ्या खणत. त्यांत दरडी कोसळून माणसे गाडली जात. अशा वर्षी, कालिना नावाच्या जुन्या मैदानावर खेळणाऱ्या या संघाने पहिल्यांदा देशाचे विजेतेपद जिंकले. त्या हंगामात आधी दोन गट आणि मग वरच्या संघांची वेगळी साखळी अशी व्यवस्था होती, त्यामुळे काहींनी हा योगायोग मानला. पुढच्या तीन वर्षांनी त्यांना उत्तर दिले: 1934, 1935 आणि 1936 ही तिन्ही विजेतेपदे रुखचीच. पोलंडमध्ये खंड न पडता सलग चार वर्षे विजेता होण्याची कामगिरी याआधी कोणीही केली नव्हती; पोगोनच्या ओळीने आलेल्या चार विजेतेपदांमध्ये 1924 चे स्पर्धेविना गेलेले वर्ष होते.

या यशाचे मर्म संघाच्या डाव्या बाजूला होते. त्या काळी दोन बचावपटू, तीन मध्यरक्षक आणि पाच आघाडीवीर अशी रचना सर्वत्र असे. रुखच्या पाच जणांच्या आघाडीत डाव्या कडेला गेरार्ड वोदाश, त्याच्या आतल्या बाजूला एर्नेस्ट विलिमोव्स्की आणि मधोमध तेओदोर पेतेरेक. वोदाश कडेने पळत जाऊन मोजून-मापून चेंडू आत टाके. पेतेरेकची ख्याती डोक्याने मारलेल्या गोलांसाठी होती. आणि या दोघांच्या मधल्या जागेत विलिमोव्स्की काय करील, हे प्रतिस्पर्ध्यांना अखेरपर्यंत सांगता आले नाही. चेंडू पायाला चिकटवून तो बचावपटूला चुकवी, थांबे, त्याला पुन्हा येऊ देई, आणि पुन्हा चुकवी. त्याच्या उजव्या पायाला सहा बोटे होती. त्याच्याविषयी लिहिणारा प्रत्येक जण हे सांगतो, म्हणून मीही सांगितले, पण सहा बोटांनी गोल होत असते तर गोष्ट सोपी होती.

विलिमोव्स्की 1916 साली कातोवित्सेत जन्मला. जन्माच्या वेळी त्याचे नाव एर्न्स्ट ओट्टो प्रांडेला होते. वडील पहिल्या महायुद्धात गेले, आईने दुसरे लग्न केले, आणि सावत्र वडिलांचे विलिमोव्स्की हे पोलिश आडनाव त्याला लागले. खेळ शिकला तो कातोवित्सेच्या त्याच जर्मन क्लबात. 1934 च्या हंगामासाठी तो रुखमध्ये आला आणि वयाची अठरा वर्षे पूर्ण होत असताना त्याने एका हंगामात 33 गोल केले. संघाच्या वाट्याला सामने होते अवघे बावीस. गर्दी त्याला ‘एझी’ म्हणून हाका मारी. पुढे आयुष्यात केव्हाही त्याला राष्ट्रीयत्वाविषयी विचारले की तो आपण अपर सिलेशियन असल्याचे सांगे.

हे तिघेही आणि त्यांचे बहुतेक सहकारी त्याच पट्ट्यात वाढलेले होते. वोदाश तर हायदुकीचाच. अधिकृतपणे पोलंडमधील सगळे फुटबॉलपटू हौशी होते, खेळासाठी पगार घेण्यास मनाई होती. म्हणून क्लब आपल्या खेळाडूंसाठी जे करू शके ते म्हणजे नोकरी मिळवून देणे. बेकारीच्या त्या दिवसांत नोकरी ही रोख पैशांपेक्षा मोठी देणगी होती. क्राकोवच्या क्लबांतून खेळणाऱ्या विद्यार्थ्याला, वकिलाला किंवा लष्करी अधिकाऱ्याला हौशीपणा हे भूषण वाटे. हायदुकीच्या मुलासाठी मात्र फुटबॉल हा खड्ड्यातून बादलीने कोळसा उपसण्यापासूनची सुटका असू शके. सिलेशियाचे संघ इतर सगळ्यांपेक्षा अधिक भुकेले का होते याची कारणे अनेक जण अनेक ठिकाणी शोधतात. मला ती या एका फरकात पुरेशी दिसतात.

आणि भुकेले फक्त रुखच नव्हते. 1936 साली लीग आकसून दहा संघांची झाली होती आणि त्यातील तीन संघ एकमेकांपासून काही किलोमीटरच्या आत होते: हायदुकीचा रुख, श्वेंतोख्वोवित्सेचा श्लोंस्क आणि कातोवित्सेतील दोंब. या शेजाराचे एक काळे प्रकरणही आहे. श्लोंस्कच्या गोलरक्षकाला लाच दिल्याच्या आरोपावरून 1937 साली दोंबला लीगमधून काढून टाकण्यात आले आणि त्याचे उरलेले सगळे सामने 0-3 असे हरल्याचे नोंदवले गेले. त्याच 1937 साली नव्याने लीगमध्ये आलेला खोझुवचा ए. के. एस. दुसरा आला. रुखचे विजेतेपद त्या वर्षी क्राकोव्हियाने हिसकावले, पण 1938 मध्ये ते पुन्हा हायदुकीला आले. त्या हंगामात पेतेरेकने 21 गोल केले, आणि 1937-38 या काळात सलग सोळा लीग सामन्यांत गोल करण्याचा पराक्रमही त्याचाच. जगभरच्या विक्रमांच्या याद्यांत ही मालिका त्यानंतर कित्येक दशके टिकून होती.

दरम्यान मैदानही बदलले होते. 29 सप्टेंबर 1935 रोजी नव्या स्टेडियमचे उद्घाटन झाले. ज्या रस्त्यावर ते उभे राहिले त्याचे नाव ‘चिखा’, म्हणजे शांत, निवांत. हजारो कामगार ज्या जागी दर दुसऱ्या रविवारी घसा फोडून ओरडत, तिचा पत्ता ‘शांत रस्ता’ असावा, यावर तेथील लोकांनी पिढ्यान् पिढ्या विनोद केले असतील. छत असलेली गॅलरी हे त्या काळच्या पोलंडमध्ये अप्रूप होते. क्लबाचा रंग निळा, म्हणून खेळाडूंना आणि पाठीराख्यांना आजही ‘न्येब्येस्त्सी’, निळे, म्हणतात. युद्धाच्या तोंडावर तेथे ओमेगा कंपनीचे मोठे घड्याळ बसवले गेले, आणि ते त्या स्टेडियमची ओळख होऊन बसले.

क्लबाची कीर्ती देशाबाहेर पोहोचली ती राष्ट्रीय संघातून. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये पोलंड चौथा आला. ग्रेट ब्रिटनविरुद्ध 5-4 असा जो विजय मिळाला त्यात वोदाशचे तीन गोल होते आणि संपूर्ण स्पर्धेत पाच. विलिमोव्स्की त्या संघात नव्हता. महासंघाने शिस्तभंगाच्या कारणावरून त्याच्यावर बंदी घातली होती. प्रशिक्षक युझेफ कावुझा कडक शिस्तीचा माणूस, आणि एझीला रात्री लवकर झोपण्याची सवय नव्हती. जर्मनीच्या राजधानीत, हिटलरच्या राजवटीत, सिलेशियाच्या मुलांनी पोलंडच्या गरुडाचे चिन्ह छातीवर लावून गोल केले, ही गोष्ट त्या काळच्या पोलिश वर्तमानपत्रांना किती गोड लागली असेल याची कल्पना करता येते.

5 जून 1938 रोजी स्ट्रासबुर्ग येथे पोलंड आपला पहिला विश्वचषक सामना खेळला, समोर ब्राझील. त्या अकरा जणांत पाच खेळाडू सिलेशियातील क्लबांचे होते: रुखचे विलिमोव्स्की आणि वोदाश, ए. के. एस. चा प्योंतेक, दोंबचा दित्को आणि हायदुकीच्या जवळच असलेल्या लिपिनी या लहानशा खाणवस्तीच्या क्लबाचा प्येत्स. मध्यंतराला ब्राझील 3-1 ने पुढे होता. पोलंडचा तो एकमेव गोल पेनल्टीवर, पोझ्नानच्या जर्मन अल्पसंख्याक समाजातील शेर्फकेने केलेला. आणि ती पेनल्टी विलिमोव्स्कीला पाडल्यामुळे मिळाली होती. मध्यंतरानंतर त्याने सहा मिनिटांत दोन गोल करून बरोबरी साधली, ब्राझील पुन्हा पुढे गेला, आणि सामना संपायला एक मिनिट असताना त्याने पुन्हा बरोबरी केली. जादा वेळेत लिओनिदासच्या गोलांनी ब्राझील दोनाने पुढे गेला. अगदी शेवटी विलिमोव्स्कीने चौथा गोल केला तरी 6-5 ने पोलंड हरला. विश्वचषकाच्या सामन्यात एकाच खेळाडूने चार गोल करण्याची ही पहिलीच वेळ, आणि तो पराभूत संघाचा खेळाडू होता.

येथे एक गोष्ट नमूद करायला हवी. ज्या राज्यासाठी ही मुले गोल करत होती ते त्यांच्याकडे निर्धास्तपणे पाहत नव्हते. सिलेशियाचा राज्यपाल ग्राझिन्स्की याच्या कारकिर्दीत पोलिशीकरणाचे धोरण कठोर झाले होते, बोलीत जर्मन शब्द वापरणाऱ्यावर संशय घेतला जाई, आणि बाहेरून आलेले अधिकारी स्थानिकांना कनिष्ठ लेखतात अशी तक्रार सर्रास होती. सार्वमतात पोलंडची बाजू लढवणाऱ्या कोर्फांतीलाच 1930 साली पोलिश सरकारने तुरुंगात टाकले. 1935 मध्ये त्याला देश सोडून चेकोस्लोव्हाकियात आश्रय घ्यावा लागला. 1939 मध्ये तो परतला, पुन्हा अटकेत गेला आणि त्या ऑगस्टमध्ये वॉर्सॉत वारला. ज्याने लोकांना पोलंडची चिठ्ठी पाकिटात घालायला सांगितले त्याची ही गत झाली होती. रुखच्या खेळाडूंनी पुढे काय केले आणि काय करायला हवे होते, याचा निवाडा करणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे.

1939 चा हंगाम रुखच्या इतिहासातील सर्वांत देखणा ठरण्याच्या मार्गावर होता. 21 मे रोजी वुजच्या युनियन-टुरिंग या संघाला त्यांनी 12-1 असे चिरडले आणि त्या बारापैकी दहा गोल एकट्या विलिमोव्स्कीचे होते. एका लीग सामन्यात दहा गोल, हा पोलंडमधील विक्रम आजही मोडलेला नाही. 27 ऑगस्ट रोजी वॉर्सॉत राष्ट्रीय संघाचा हंगेरीविरुद्ध सामना झाला. हंगेरी आदल्या वर्षीच्या विश्वचषकाचा उपविजेता. पोलंडने तो 4-2 असा जिंकला, आणि तीन गोल पुन्हा त्याचेच. प्रेक्षकांपैकी कित्येकांना तोवर सैन्यभरतीची पत्रे येऊन पडली असावीत.

पाच दिवसांनी युद्ध सुरू झाले. पहिल्याच आठवड्यात जर्मन सैन्य खोझुवमध्ये आले, प्रदेश थेट जर्मन राज्यात सामील केला गेला, पोलिश क्लब बंद करण्यात आले. रहिवाशांना जर्मन नागरिकत्वाच्या यादीत नाव नोंदवायला लावले गेले आणि नोंद झालेल्या तरुणांना जर्मन सैन्यात ओढले गेले. विलिमोव्स्की सॅक्सनीला गेला, पुढे म्युनिकच्या क्लबाकडून 1942 चा जर्मन चषक जिंकला, आणि जर्मनीच्या राष्ट्रीय संघाकडून आठ सामन्यांत तेरा गोल केले. पोलंडमध्ये यासाठी त्याला अनेक वर्षे गद्दार म्हटले गेले, त्याचे विक्रम सांगताना नाव गाळले गेले, आणि 1997 साली कार्ल्सरूह येथे मृत्यू होईपर्यंत तो सिलेशियात परतला नाही. वोदाश आणि पेतेरेक यांनाही जर्मन गणवेश चढवावा लागला; पुढे तो उतरवून ते पश्चिमेकडील पोलिश सैन्यात गेले.

वस्तीला पुन्हा बिस्मार्कह्युटे म्हटले जाऊ लागले. चिखा रस्त्यावरच्या मैदानावर आता ‘बिस्मार्कह्युटर एस. फाउ. 99’ या नावाचा संघ खेळू लागला, आणि त्याच्या अकरा जणांत रुखच्या विजेत्या संघातील कित्येक चेहरे होते. लीगचा 1939 चा गुणतक्ता ऑगस्टच्या अखेरीस जसा होता तसाच राहिला. त्यात रुख पहिल्या क्रमांकावर आहे. विजेता मात्र जाहीर झालेला नाही.